वणवा येऊरला, ठसका अकराव्या मजल्यावर

रात्रीचे दोन-सव्वादोन झाले असतील. आई उठून बसली आणि म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." मी झोपेतच म्हंटलं, गॅस बंद केलाय मी, झोप तू. "गॅस नाही रे, गवत जळतंय," असं म्हणाली आणि मग तो खोकला सुरू झाला, जो एकदा लागला की अर्धा तास तरी हटत नाही.

बाल्कनीत आलो तर समोर येऊरच्या डोंगरावर केशरी रेघ. कागदाला उदबत्ती टेकवली की कडेकडेने निखारा कसा सरकत जातो, अगदी तसंच, आवाज नाही काही नाही, लांबून बघायला चक्क सुंदर. वास मात्र घरभर. गंमत म्हणजे ही आग आम्ही संध्याकाळी सातलाच बघितली होती, लेकीने फोटोसुद्धा काढले, तेव्हा वासाचा पत्ता नव्हता, धूर सरळ वर जात होता, म्हणून निवांत जेवून झोपलो. खिडक्या सताड उघड्या टाकून. मार्च महिना, दुसरं काय करणार.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, अकराव्या मजल्यावर, हॉल आणि मोठी बेडरूम दोन्ही डोंगराच्या बाजूला. फ्लॅट घेताना या 'हिल व्ह्यू'चे स्क्वेअर फुटामागे जास्तीचे पैसे मोजलेत. ते पावसाळ्यात वसूल होतात, ढग खाली उतरतात, डोंगरावरून पांढरे ओहोळ दिसतात, नातेवाईक येऊन जळतात. मग फेब्रुवारीपासून डोंगर जळतो.

आई तीन वर्षांपासून आमच्याकडे आहे, त्याआधी माणगावजवळ गावी. दमा आहे, पंप चालू आहे. तर त्या रात्री मी जे जे केलं ते जवळजवळ सगळं चुकीचं होतं, आणि तेच लिहायला बसलोय, कारण दरवर्षी ग्रुपवर लोक हेच करताना दिसतात.

पहिलं म्हणजे धडाधड खिडक्या लावल्या, इथपर्यंत ठीक. मग किचनचा आणि दोन्ही बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू केला, आतला धूर बाहेर जाऊ दे म्हणून. पंधरा मिनिटांनी वास उलट वाढला. आता विचार केला की हसू येतं, एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकणार तेवढी कुठून तरी आत यायलाच पाहिजे ना, आणि बाहेर सगळा धूर, म्हणजे मी स्वतः विजेचं बिल भरून धूर आत ओढून घेत होतो. दुसरं, बायकोने खिडकीला ओली चादर लावली. त्याने राखेचे काळे तुकडे अडतात, ते सकाळी चादरीवर दिसलेही, पण छातीत जाणारे जे बारीक कण असतात ते चादरीच्या विणीतून आरामात जातात. तिसरं, शेजारच्या काकांचा रात्री अडीच वाजता मेसेज, कापूर जाळा, हवा शुद्ध होते. धुरावर उपाय म्हणून अजून थोडा धूर! काका माणूस चांगला आहे म्हणून अंगठा दाखवून सोडून दिलं.

एसीबद्दल सगळेच विचारतात म्हणून सांगतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो, म्हणून धुराच्या रात्री तो बिनधास्त लावा, निदान बंद खोलीत उकडणार नाही. पण त्याच्या जाळीत केस, धागे, मोठी धूळ अडकते, धूर नाही. विंडो एसी असेल तर बाहेरच्या हवेची झडप असते तिचा खटका बंद आहे ना ते बघा, आमच्या साडूकडे ती कित्येक वर्षं उघडीच होती.

सकाळी ऑफिसला निघताना फोनवर हवेचा आकडा बघितला तर 'समाधानकारक'. आई इकडे नेब्युलायझर लावून बसलीये आणि सरकार समाधानी. माझं डोकंच फिरलं, म्हंटलं आकडे दाबतात हे लोक. नंतर शांतपणे वाचल्यावर कळलं की तसं काही नाहीये. आपला एक्यूआय, म्हणजे हाच हवेचा आकडा, पीएम २.५ साठी (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) २४ तासांची सरासरी धरतो, त्यामुळे रात्री दोन ते पाच कितीही धूर झाला तरी तो दिवसभराच्या आकड्यात विरघळून जातो. शिवाय मोजणारं यंत्र तुमच्या खिडकीत नसतं, काही किलोमीटर लांब असतं, त्याला येऊरचा वणवा माहीतही नसतो. आणि वेगवेगळी ॲप्स वेगवेगळी पट्टी लावतात. हवेत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम कण असले तर आपल्या पट्टीवर आकडा १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'ची शेवटची पायरी, तीच हवा अमेरिकन पट्टीवर १५० च्या पुढे जाते आणि ॲप लाल होतं. जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून म्हणते की दिवसाची सरासरी १५ च्या वर नको. त्यामुळे ग्रुपवर दोघं जण दोन स्क्रीनशॉट टाकून भांडतात तेव्हा दोघंही बरोबर असतात. एक्यूआयचा आकडा सोडा, पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा आणि तेही त्या तासाचे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर तासातासाचं मिळतं.

हे सगळं वाचून मी मोजायचं मशीनच मागवलं, साडेतीन हजारांचं, साबणाच्या वडीएवढं. बायको म्हणाली, आकडा बघून खोकला थांबणारे का? रास्त प्रश्न. पण त्या डबीने घरात जे काही उलथंपालथं केलं ना... म्हणजे आता टीव्हीच्या रिमोटवरून भांडण होत नाही, डबी कुठल्या खोलीत ठेवायची यावरून होतं. (असली स्वस्त मशीनं दमट हवेत जास्तच दाखवतात, पावसाळ्यात तर काहीही, तेव्हा आकडा देवाची वाणी समजू नका, वाढतोय की उतरतोय एवढं बघायचं.)

दुसरा वणवा आठवड्याभराने लागला, आधीच्या जागेच्या थोडा उजवीकडे. या वेळी मी तयारीत होतो, डबी खिडकीत ठेवून दर तासाला वहीत लिहिलं. संध्याकाळी सातला ५२. दहाला ७०. रात्री एकला १६०, साडेतीनला २१०. सकाळी सातला अजून १८० आणि बाहेर दुधट पडदा, पलीकडची बिल्डिंगही पुसट. आणि दुपारी एक वाजता? ४४. आग तर अजून धुमसतच होती!

मी हे मोठा शोध लावल्यासारखं आईला सांगायला गेलो. ती लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मग, रात्री वारा डोंगरावरून खालीच उतरतो. उन्हं तापली की वर चढतो. आम्ही राब भाजायला सकाळी लवकर का जायचो?"

राब म्हणजे काय ते आजकाल कुणाला सांगावं लागतं. पावसाच्या आधी भाताच्या रोपांसाठी जी वाफा-जागा असते तिच्यावर कवळ, शेण, पालापाचोळा, माती असे थर पसरून भाजायचं, आमच्या रायगडात आणि इकडे ठाणे-पालघरच्या बाजूलाही. वारा उठायच्या आत आग लावून उरकायची, एक माणूस टहाळं घेऊन कडेला उभा, कारण चुकार ठिणगी रानात गेली की वणवा. तर आईला वाऱ्याचं वेळापत्रक पाठ आहे, मला त्यासाठी साडेतीन हजार लागले. कारण साधंच आहे, रात्री डोंगराचा उतार गार पडतो, गार हवा जड, ती पाण्यासारखी घसरत खाली येते आणि सोबत धूर आणते, वर ऊबदार हवेचं झाकण बसलेलं असतं म्हणून तो वरही जाऊ शकत नाही. दुपारी जमीन तापते, समुद्राकडचा वारा सुटतो, सगळं उधळून जातं. थंडीत इथली सकाळची हवा घाण असते तीही याच झाकणामुळे.

म्हणजे आम्ही अनेक वर्षं उलटं करत होतो. 'सकाळची ताजी हवा' म्हणून सहाला खिडक्या उघडायच्या आणि दुपारी ऊन येतं म्हणून लावायच्या. आता वणवा दिसला की रात्री नऊला घर बंद, सकाळी दहा-साडेदहापर्यंत बंदच, आणि दुपारी बारा ते चार सगळं उघडं, ऊन आलं तर आलं. चोवीस तास कोंडून घेणंही बरं नाही, तिघं जण एका बंद खोलीत झोपलो की सकाळी डोकं जड होतं.

खिडकी 'बंद' म्हणजे बंद, हाही एक गैरसमज. आपल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या नीट बघा कधीतरी. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे लोकरीची बारीक पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजून केसाळ दोरा होते. खालच्या पट्टीला पावसाचं पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. मी रात्री अंधार करून उदबत्ती धरून बसलो (हो, एक उदबत्ती, माहितीये) आणि धूर कुठे हलतो ते बघितलं, मधल्या फटीत तो असा झपकन आत वळला की वाटलं पंखा चालूये. ॲल्युमिनियमवाल्याकडून नवी लोकरीची पट्टी मीटरवर मिळते, फार महाग नाही, पल्ला काढायला मात्र दोघं लागतात. पाणी जायची भोकं मी जूनपर्यंत चिकटपट्टीने बंद करतो, पहिल्या पावसाआधी काढायची आठवण ठेवायची, मागच्या वर्षी विसरलो आणि हॉलमध्ये तळं. बाथरूमच्या झडपांच्या काचा बंद होतच नाहीत, म्हणून बाथरूमचं दार लावून खाली जुना टॉवेल.

आता या गोष्टीतला नाजूक भाग.

डबी आल्यावर तिसऱ्या दिवशी, बाहेर काहीही जळत नसताना, सगळ्या खिडक्या बंद असताना, हॉलमध्ये आकडा एकदम ४०० च्या वर. मी डबी आपटून बघितली. मग किचनमधून आवाज आला, मिरच्यांची फोडणी. म्हणजे रात्रभर जो धूर बाहेर ठेवायला टॉवेल कोंबले त्याच्या दुप्पट आम्ही सकाळी साडेसातला घरात तयार करत होतो, आणि मी डोंगराला शिव्या घालत होतो. पोळ्या करताना तव्यावर पीठ जळतं तेव्हा १५० च्या आसपास. मासे तळताना विचारू नका.

आणि संध्याकाळी आईचा धूप. निखाऱ्यावर गुग्गुळ-लोबान, घरभर फिरवायचा, तिच्या लग्नापासूनची सवय. डबी ६२० वर गेली. तिला कसं सांगायचं याचा मी दोन दिवस विचार करत होतो, बायकोने साफ सांगितलं, "तुमच्या आई आहेत, मी बोलणार नाही." शेवटी मी काहीच न बोलता डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिली. आईने आकडा वाचला, चष्मा लावून परत वाचला. म्हणाली, "हे मशीन देवाला लावायचं नसतं." दुसऱ्या दिवशी मात्र धूप बाल्कनीत फिरला, आणि तिसऱ्या दिवशी मी उशिरा उठून ऑम्लेट करत होतो तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तीनशे दहा. माझ्या धुपाला नावं ठेवतोस?"

त्यानंतर घरात जरा शहाणपण आलं. धुराच्या दिवसांत कडक फोडणी दुपारी, खिडक्या उघड्या असताना, सकाळी उपमा नाहीतर पोहे, तेही मंद आचेवर. संध्याकाळी नुसतं निरांजन. मच्छर कॉइल तर कायमची बंद, २००३ साली एक अभ्यास आला होता की एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरतात, आणि आम्ही ती बंद बेडरूममध्ये खाटेखाली लावायचो. दम्याच्या माणसाच्या. मच्छरदाणी आणली, आईला ती गावची आठवण म्हणून आवडलीसुद्धा.

प्युरिफायरचंही सांगून टाकतो. घेतला, पण अख्ख्या घरासाठी नाही, फक्त आईच्या खोलीसाठी. दुकानात सेल्समन 'सात स्टेज', 'आयन' वगैरे बोलत राहतो, तुम्ही फक्त सीएडीआर विचारा, म्हणजे तासाला किती घनमीटर साफ हवा देतो. खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, म्हणजे ११४० घनफूट, साधारण ३२ घनमीटर. तासात पाच वेळा तरी सगळी हवा फिल्टरमधून जावी असं धरलं तर १६० पाहिजे, आणि तेही मधल्या स्पीडवर मिळालं पाहिजे, कारण फुल स्पीडला त्याचा आवाज लोकलसारखा येतो आणि रात्री कुणीतरी उठून बंद करतं. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, तिथे शंका नाही. वास मात्र पूर्ण जात नाही, वायू अडवायला कार्बन भरपूर लागतो आणि या मशीनमध्ये तो नावाला असतो.

हॉलसाठी मी जुगाड केला, प्युरिफायरचा जादाचा फिल्टर मागवला आणि टेबलफॅनच्या मागे पुठ्ठा कापून चिकटपट्टीने बसवला. दिसायला भयाण. पण दार बंद करून ४० मिनिटांत १४० चे ६५ झाले. फॅन गरम होतोय का ते अधूनमधून हात लावून बघायचं आणि झोपताना बंद करायचा. अमेरिकेत कॉर्सी आणि रोझेन्थल या दोघांच्या नावाने चार-पाच फिल्टरांचा खोका करतात, २०२० पासून ते फार चाललंय, पण त्याला लागणारे २० इंची चौकोनी पंखे आपल्याकडे सहजी मिळत नाहीत.

झाडांचं विचारू नका. हो, स्नेक प्लँट आमच्याकडेही आहे, तीन आहेत. छान दिसतात. १९८९ चा नासाचा तो अभ्यास लहानशा हवाबंद पेटीत रसायनांच्या वाफांवर केलेला होता, धुराच्या कणांशी त्याचा संबंध नाही.

आणि सगळ्यात चिडचिड कशाची झाली तर आमच्याच सोसायटीची. वणवा विझला, आम्ही खिडक्या उघडल्या, तर खाली मागच्या कोपऱ्यात झाडलेला पाला पेटवलेला. सकाळी आठला. झाडणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, कुठे टाकू? गाडीवाले ओला कचरा वेगळा मागतात, पाला घेत नाहीत." त्यांचं काय चुकलं. तीन मीटिंग झाल्या, तिसरीत खड्डा करून खत करायचं ठरलं, खड्डा झालाय, खत बघू. एरवी आपण धूर म्हंटला की डंपिंग ग्राउंड म्हणतो, २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं होतं तेव्हा तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता, आणि त्यावर तासभर बोलणारे हेच लोक पाल्याच्या खड्ड्याला जागा द्यायला तयार नव्हते कारण पार्किंग जाईल.

डोंगरावर आग लावतं कोण, हा ग्रुपवरचा आवडता विषय. आपोआप लागत नाही एवढं नक्की, आपल्याकडच्या वणव्यांमागे माणूसच असतो. कधी नवीन गवत चांगलं फुटतं म्हणून, कधी शिकारीसाठी, कधी दारू पार्टीतली सिगरेट. त्यात कारवी, आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग मरते, तिची उभी वाळलेली काटकं म्हणजे आयतं सरपण. लगेच आदिवासी पाड्यांवर बोट दाखवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की विकेंडला वर बाटल्या घेऊन कोण जातं. आग दिसली की मी आता फोटोबिटो नंतर, आधी वनविभागाच्या १९२६ ला फोन करतो, कुठल्या बाजूला, कुठल्या बिल्डिंगसमोर, नीट सांगतो. उपग्रहाचा नकाशाही बघता येतो, नासाचा 'फर्म्स' म्हणून आहे, लाल ठिपके दिसतात, पण ते उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात, मधेच लागून विझलेलं गवत त्यांना दिसतही नाही. तिकडे वर लोक ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवत असतात, पाण्याचा बंब त्या चढावर जाणारच नाही.

आईच्या औषधाबद्दल मी काय सांगणार, डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच की रोजचा पंप बरं वाटतंय म्हणून सोडायचा नाही, धाप लागल्यावरचा वेगळा पंप उशाशी, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, आणि त्या पंपाने उतार पडला नाही किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले तर घरी उपाय करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. बाहेर जायचं तर एन ९५, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा, नाकाची पट्टी दाबून. कोरोनातले कापडी मास्क पुसायला घ्या.

मग होळी आली. माझ्या मनात होतं की या वर्षी आईला खाली न्यायचं नाही, बोलून पण बघितलं. ती म्हणाली, "शिमग्याला घरात बसू? मेले की बसेन." मग तह झाला. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, होळीपासून चांगलं लांब खुर्ची, एन ९५ घट्ट, दहा मिनिटं. नैवेद्याची पुरणपोळी आणि नारळ लेकीच्या हातून टाकला. डबी मी खिशात घेऊन गेलो होतो, होळीजवळ ती ९९९ वर जाऊन थांबली, त्यापुढे तिला मोजताच येत नाही. सगळे ओरडायला लागले तेव्हा आईने आजूबाजूला बघितलं, मास्क हनुवटीवर ओढला, हात तोंडाशी नेऊन अशी एक कडक बोंब मारली की वॉचमनसुद्धा वळून बघायला लागला, आणि मास्क परत वर.

"चल," म्हणाली, "झाली दहा मिनिटं."